पेठेचा नवा आराखडा आणि आमचं मत: नवी पेठेतल्या गल्ल्यावरून

जुन्या पेठांचे रस्ते, फुटपाथ, पार्किंग आणि बाजार नव्यानं मांडायचा एक आराखडा लोकांपुढं ठेवला गेला आणि त्यावर मतं मागवली गेली. चित्रांचं प्रदर्शन, मोबाईलवरचा फॉर्म, हॉलमधली सभा आणि पेठेतून पायी फेरी असे त्याचे चार भाग होते. मी चारही पाहिले. सोलापूरच्या नवी पेठेत आमचं शिलाईच्या सामानाचं दुकान आहे: अस्तर, फॉल, बटणं, चेन, लेस, नाडी, इलॅस्टिक, बॉबिन. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता बहुतेक वेळ गल्ल्यावर मी असते. आयोजक कोण, सल्लागार कुठले, यात मी शिरत नाही. उद्या दुसऱ्या पेठेत, दुसऱ्या गावात हेच होणार आहे, म्हणून पद्धतीबद्दल लिहिते.

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांनी एवढं घ्या. पायी फेरी ठेवली असेल तर दुकान उशिरा उघडा, पण जा. सभेला जाताना मागणी कागदावर लिहून न्या. फॉर्म भरा, पण फॉर्म भरला म्हणजे आपलं म्हणणं पोचलं असं धरू नका.

प्रदर्शनात भिंतींवर संगणकावर काढलेली मोठी चित्रं होती. रुंद फुटपाथ, एकसारख्या पाट्या, झाडं, बाकं, सायकलवरची मुलं. चित्रं देखणी होती आणि मला आवडली. आपली पेठ अशी दिसावी असं कुणाला वाटणार नाही? पण दोन-तीन चित्रं नीट बघितल्यावर लक्षात आलं की कुठंच हातगाडी नाही. हमाल नाही. शटरपुढं उतरवलेली कापडाची गाठ नाही, मालाचा छोटा हत्ती टेम्पो नाही, पथारी टाकून बसलेली बाई नाही. बाजार ज्यांच्या अंगावर चालतो तीच माणसं चित्रात नसतील, तर फुटपाथची रुंदी ठरवताना त्यांच्यासाठी जागा कोण मोजणार? तिथं उभ्या असलेल्या मुलाला मी हे विचारलं. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या कुणी असंच म्हटल्याचंही सांगितलं.

भिंतीपेक्षा टेबल चांगलं होतं. हॉलच्या मधोमध चार टेबलं जोडून त्यावर पेठांचा मोठा नकाशा पसरला होता आणि शेजारी हिरव्या-लाल टिकल्यांच्या डब्या ठेवल्या होत्या. जे टिकावं वाटतं तिथं हिरवी, जिथं त्रास आहे तिथं लाल. ही कल्पना ज्याची असेल त्याला शाबासकी. माणसं आधी आपलं घर शोधत, मग दुकान, मग शाळा, आणि शोधता शोधता बोलायला लागत. एका आजोबांनी जुन्या कापडगिरणीच्या जागेवर बोट ठेवलं आणि ते तिथून हलेनातच. 1877 साली सुरू झालेली ती गिरणी, तिच्या मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंगा झाला की पाळी सुटायची, पगाराच्या दिवशी पेठेत पाय ठेवायला जागा नसायची. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, तेही हेच सांगतात: आपला धंदा गिरणीच्या पगारावर उभा राहिला. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, वस्ती जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड अशी लांब लांब सरकली. पेठ ओस पडली नाही, पण गिऱ्हाईक लांबून यायला लागलं. आराखडा करणाऱ्यांना सगळ्यात आधी कळायला हवी होती ती हीच गोष्ट, आणि ती भिंतीवरच्या कुठल्याही फलकावर नव्हती. ती टेबलाभोवती ऐकायला मिळाली.

टेबलापाशी तेलुगू बोलणारी एक मुलगी मदतीला ठेवली होती. सोलापुरात मत विचारायचं तर मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कन्नड लागतंच, हे ओळखून केलेली ही सोय मला फार मोलाची वाटली. अशोक चौकाकडून आलेल्या एक अव्वा, म्हणजे आजी, फलकांकडं बघत नुसत्या उभ्या होत्या. त्या मुलीनं त्यांना टेबलाशी नेलं, तेलुगूत दोन वाक्यं बोलली, आणि अव्वांनी सरळ विचारलं की बस कुठं थांबणार. फक्त एवढंच. त्यांची मुलगी कुंभारीला राहते, गोदूताई विडी घरकुलात. दहा हजार घरांची ती वसाहत 2006 मध्ये झाली, आणि 2024 च्या जानेवारीत त्याच बाजूला रे नगरमधल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. म्हणजे बिडी वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, यंत्रमागावरच्या हजारो कुटुंबांचं घर आता शहराबाहेर आहे आणि बाजार मात्र पेठेतच. आठवड्याचा पगार हातात आला की या बायका शेअर रिक्षा नाहीतर बस धरून येतात. माझ्याकडं ब्लाउजपीसला जुळणारं अस्तर शोधत अर्धा तास थांबणारं गिऱ्हाईक हेच. नकाशात चारचाकीच्या पार्किंगचे चौकोन व्यवस्थित आखले होते. बसचा थांबा आणि शेअर रिक्षाची जागा मला शोधावी लागली, आणि सापडली ती पेठेच्या पार कडेला. मी तिथं लाल टिकली लावली, अव्वांनीही लावली.

वारसा-फेरीची एक रेघही नकाशावर होती. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, वारदांचं इंद्रभुवन, हुतात्मा चौक. रेघ चांगली, पण शेजारच्या मजकुरात इमारतींची शैली तेवढी होती, माणसं नव्हती. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. एका शाळकरी मुलानं ही चार नावं चिठ्ठीवर लिहून नकाशाला चिकटवली होती, अक्षर सुरेख. ती चिठ्ठी अंतिम फलकावर छापावी अशी माझी विनंती आहे.

आता फॉर्म. मोबाईलवर चौकोनी कोड स्कॅन करून भरायचा. मराठीत होता, हे बरं झालं. पण प्रश्न बघा: बाक लाकडी हवं की दगडी, दिव्याचा खांब कुठल्या नमुन्याचा, झाड कुठलं, फरशीचा रंग कुठला. हे विचारायला हरकत नाही, पण पेठेतल्या माणसाची झोप फरशीच्या रंगानं उडत नाही. माल कुठं आणि किती वाजता उतरवता, कामावरच्या मुली स्वच्छतागृहाला कुठं जातात, पावसाचं पाणी कुठल्या दुकानात शिरतं, हे कुठंच विचारलं नव्हतं. जे विचारलंच नाही ते ‘लोकांना नको आहे’ असं अहवालात दिसतं, ही या फॉर्मची खरी अडचण.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी होता: पेठ वाहनमुक्त करावी का? हो किंवा नाही. मी बराच वेळ त्या दोन गोलांकडं बघत बसले. संध्याकाळी पाच ते रात्री नऊ मला नक्की हो म्हणायचंय, कारण त्या वेळी दुचाक्या दुकानाच्या पायरीला टेकवून लावतात आणि लेकराला घेऊन आलेल्या बाईला आत यायला वाट राहत नाही. सकाळी दहाच्या आत मला नाही म्हणायचंय, कारण ट्रान्सपोर्टवरून माल तेव्हाच येतो. दुपारी कडक उन्हात, सोलापूरचा पारा मे महिन्यात 43-44 वर जातो तेव्हा, म्हाताऱ्या माणसाला रिक्षा दुकानापर्यंत यायला हवी. दिल्लीच्या चांदणी चौकात 2021 मध्ये नवा रस्ता खुला झाला तेव्हा सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंदी केली, म्हणजे वेळेचा विचार तिथं नियमातच आहे. पुण्यात लक्ष्मी रोडवर 11 डिसेंबरला पादचारी दिन करतात, तो एका दिवसापुरता रस्ता बंद ठेवून. आपल्याकडंही आधी काही रविवारी संध्याकाळी बंद ठेवून बघता येईल, धंदा वाढतो की घटतो ते दुकानदारांनी स्वतः वहीत मांडावं. ‘हो किंवा नाही’ या दोन गोलांत हे काहीच मावत नाही. खाली ‘इतर सूचना’ म्हणून एक चौकोन होता, त्यात ठराविक अक्षरांनंतर टाईपच होईना. पुढच्या वेळी तो चौकोन तरी मोठा ठेवा.

सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली होती. त्या वेळी शटर नुकतं वर गेलेलं असतं, बिडी वळणाऱ्या बायका माल द्यायला गेलेल्या असतात, मागावरचा माणूस पाळीत असतो. त्यामुळं हॉलमध्ये निवृत्त मंडळी, संघटनांचे पदाधिकारी आणि काही वास्तुरचनेचे विद्यार्थी होते. त्यांचं बोलणं वाया गेलं असं मी म्हणत नाही. निवृत्त अभियंते असलेल्या एका काकांनी गटारांच्या उतारावर जे सांगितलं ते सभेतलं सगळ्यात कामाचं बोलणं होतं. पण मोकळ्या खुर्च्या कुणाच्या होत्या, हेही बघायला हवं.

बायकांमध्ये बोलणाऱ्या आम्ही मोजक्याच. माईक हातात आल्यावर मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली खोदाईची. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून येतं आणि नळाला चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा जलवाहिनी बदलायला कुणाचाच विरोध नाही. पण आपल्या गावात रस्ता गुळगुळीत झाला की पाण्यासाठी उकरतात, बुजवला की ड्रेनेजसाठी, तो बुजला की केबलसाठी. प्रत्येक खोदाईत आमची गल्ली महिनामहिना बंद. दसरा-दिवाळी आणि लग्नसराई या दोन हंगामांवर वर्षाचा हिशेब बसतो, त्यातला एक हंगाम खोदाईत गेला तर पुढचे सहा महिने उधारीत जातात. म्हणून जमिनीखालचं सगळं काम आधी आणि एकदम, एकेका गल्लीत, हंगाम सोडून, आणि तारखा दुकानावर चिकटवून. याला व्यासपीठावरून सरळ उत्तर मिळालं: फरशीच्या आधी जलवाहिनी आणि ड्रेनेज, हा क्रम आराखड्यात आहे. ऐकून बरं वाटलं. तारखांबद्दल मात्र ‘नोंद घेतली’.

दुसरी गोष्ट पथारीवाल्यांची. आमच्या दुकानापुढं एक मावशी रुमाल, टिकल्या, पिना घेऊन बसतात. मी सासरी आले तेव्हापासून बसतात. माझं गिऱ्हाईक त्यांच्याकडं जातं, त्यांचं माझ्याकडं येतं. आराखड्यात ‘अतिक्रमणमुक्त फुटपाथ’ असं लिहिलंय, पण 2014 च्या पथविक्रेता कायद्यात त्यांचे हक्क लिहिलेले आहेत. शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला. हलवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस हवी. जिथं वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आणि विक्रेता आपोआप जमतात त्या नैसर्गिक बाजाराचाही कायदा विचार करायला सांगतो. मी विचारलं, पेठेतल्या विक्रेत्यांच्या समितीपुढं हा आराखडा गेला का? उत्तर: नोंद घेतली. माझ्या मागं बसलेल्या एका दुकानदार भाऊंना हे पटलं नाही, ते म्हणाले, ‘वैनी, तुम्ही दुकानदार असून त्यांची बाजू घेता?’ मी घेते. फुटपाथ मोकळा हवाच, पण मावशींना दीड मीटरची आखलेली जागा आणि ओळखपत्र दिलं तर तो मोकळाही राहतो आणि माणसंही राहतात. भाऊंचं आणि माझं यावर एकमत झालं नाही, पण सभेनंतर चहा घेताना त्यांनी मला त्यांच्या गल्लीतल्या विजेच्या डीपीचा प्रश्न दाखवला आणि आम्ही तो दोघांच्या सहीनं दिला.

‘नोंद घेतली’ म्हणजे काय, हे लोकांना माहीत असावं म्हणून इथं थोडं थांबते. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याखाली शहराचा विकास आराखडा होतो, तेव्हा हरकत नोंदवण्याचा आणि नियोजन समितीपुढं सुनावणीत बोलण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क असतो. रस्त्याच्या सुशोभीकरणावर किंवा पुनर्रचनेवर मत मागवतात त्याला तसं बंधन असेलच असं नाही. ते आयोजकांच्या इच्छेवर चालतं. म्हणून अशा ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे मत कुठल्या कायद्याखाली घेताय, आणि यातलं काय घेतलं, काय सोडलं आणि का, हे आम्हाला लेखी कधी कळणार? 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नववं आलं, तेव्हाही लोकांकडून भरभरून मतं मागवली होती आणि आम्ही उत्साहानं दिली होती. मत देऊन झाल्यावर त्याचं पुढं काय झालं हे घरोघरी कळवलं जात नाही, तोवर पुढच्या वेळी माणसं येत नाहीत. हॉलमधल्या त्या मोकळ्या खुर्च्यांचं हेही एक कारण आहे.

आता पायी फेरी. ही मुळात कार्यक्रमात नव्हती, सभेत दुकानदारांनी मागितली आणि आयोजकांनी मान्य केली, याचं श्रेय त्यांना मनापासून देते. सकाळी सातला नवी पेठेतून निघालो आणि माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा या बाजूनं सिद्धेश्वर मंदिराच्या दिशेनं गेलो. नकाशे काढणारी तरुण मंडळी, आम्ही काही दुकानदार, दोन हमाल आणि बाळीवेशीतले एक अप्पा. हॉलमध्ये तासन्‌तास बोलून जे समजावता आलं नव्हतं ते रस्त्यावर मिनिटांत दिसत होतं.

पहिल्याच वळणावर गाठी उतरत होत्या. हमालमामांनी हातगाडी फिरवून दाखवली आणि म्हणाले, ‘हितनं फिरवायला एवढी जागा लागतंय बघा, खांब लावलाव तर आम्ही कुठनं जायचं?’ चित्रात नेमक्या त्याच कोपऱ्यावर शोभेचा दिवा होता. नकाशे काढणाऱ्या एका मुलीनं तिथंच कागदावर खांबावर फुली मारली. मग फुटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा सांगितलीय, बाजाराच्या रस्त्याला त्याहून जास्त. आराखड्यात 1.8 धरले होते. त्यांनी टेप लावली, आम्ही दाखवलं की दुकानाची पायरी, पावसाळ्यातली पन्हाळ, डीपीचं कपाट आणि बाहेर टांगलेले कपडे यांतून उरतात किती. दुकानदारांनीही तिथं कबूल केलं की बाहेर टांगलेलं आत घ्यायला हवं. हॉलमध्ये हे कुणी कबूल केलं नसतं.

माणिक चौकाच्या पुढं अप्पा थांबले आणि वर बघायला लागले. रस्त्यावर सावलीसाठी पत्र्याची कायमची कमान आणि छत असं चित्रात होतं. उन्हाचा विचार करून काढलेलं, कल्पना वाईट नाही. अप्पा म्हणाले, ‘गड्ड्याला नंदीध्वज इथूनच जातात. सात काठ्या. त्या वाकवून न्यायच्या नसतात.’ तरुण मंडळींना क्षणभर काही सुचेना, कारण ती बाहेरगावची होती आणि संक्रांतीच्या वेळची मिरवणूक त्यांनी पाहिली नव्हती. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावानं चालत आलेली ही गड्ड्याची यात्रा, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, घरांपेक्षा उंच नंदीध्वज तोलत कमरेला पट्टा बांधून चालणारे मानकरी. अप्पांनी तिथंच उभं राहून सगळं सांगितलं आणि खाली लोंबणाऱ्या केबलींकडं बोट करून दरवर्षी त्या कशा वर बांधाव्या लागतात तेही. छत उघडझाप होणाऱ्या कापडाचं केलं तर दोन्ही साधतं, असं शेवटी ठरलं, आणि ती सूचना त्या मुलांनीच मांडली. शिवाय केबली जमिनीखालून न्यायच्या. आपल्याकडं कापडाची काय कमी? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं गाव आहे हे. सावलीचं कापडही इथल्याच मागावर विणलं जावं, असं मी लिहून दिलंय.

मग स्वच्छतागृह. याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण प्रदर्शनात याला एक छोटं चिन्ह आणि सभेत अर्धं मिनिट मिळालं. पेठेतल्या दुकानांत गल्ल्यावर, काउंटरवर, मालाच्या गोदामात किती मुली आणि बायका कामाला आहेत ते कुणीही फिरून बघावं. सकाळी दहा ते रात्री नऊ. जुन्या दुकानांना आत संडास नाही, जागाच नाही. पुरुषांसाठी मुताऱ्या आहेत, त्यांची अवस्था काहीही असो. बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या माळ्यावर दिवसभर काम करून, पाणी पीत नाहीत. माझ्याकडं कामाला असलेली एक मुलगी मूत्रमार्गाच्या त्रासानं वारंवार आजारी पडायची, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, ती म्हणाली, ‘अक्का, पिऊन जाऊ कुठं?’ त्या दिवसापासून शेजारच्या मोठ्या दुकानाशी बोलून आम्ही आमच्यापुरती सोय केली. पण ही सोय दुकानदाराच्या ओळखीवर चालू नये. आणि खरेदीला येणाऱ्या बायका? कुंभारीहून, अक्कलकोटकडून येतात, लेकरं बरोबर, चार-पाच तास बाजारात.

फेरीत मी नकाशे काढणाऱ्या मुलींना जागा दाखवली. चित्रातलं स्वच्छतागृह पार्किंगच्या मागच्या बोळात होतं, जिथं संध्याकाळी सातनंतर एकटी बाई जाणार नाही. ते दर्शनी भागात हवं, दिव्याखाली, शेजारी चालू दुकान असावं, दार रस्त्यावरून दिसावं पण आतलं दिसू नये, पाण्याची टाकी चार-पाच दिवस पुरेल एवढी असावी कारण नळ रोज येत नाही, आणि सांभाळायला बचत गटाची बाई पगारावर असावी. नकाशे काढणाऱ्या दोन मुली हे ऐकताना थांबल्या, एकमेकींकडं बघितलं आणि म्हणाल्या की आम्हीही सकाळपासून पाणी प्यायलो नाही. त्यांनी त्या जागेचा फोटो काढला, माप घेतलं आणि नकाशावर चिन्ह तिथल्या तिथं हलवलं. या एका गोष्टीसाठी मी फेरीला पाचपैकी पाच देते.

बाकीचं: टेबलाला चार, सभेला दोन, फॉर्मला एक. तेलुगू बोलणाऱ्या मुलीला वेगळे गुण द्यायचे झाले तर तेही पाच. कन्नड बोलणारं कुणी नव्हतं, ते पुढच्या वेळी हवं. आयोजकांनी मनावर घेतलं तर दोन गोष्टी सहज होतील. सभा रात्री साडेनऊला, दुकानं बंद झाल्यावर, पेठेतच रस्त्यावर सतरंज्या टाकून घ्या. गणपतीत मंडळांच्या बैठका तशाच होतात आणि माणसं बाराबारापर्यंत बसतात. आणि एक टेबल अशोक चौकाकडं, एक कुंभारीला न्या. गिऱ्हाईक तिथं आहे, त्याला विचारल्याशिवाय पेठेचं काही ठरवू नका.

सूचना अजून घेतल्या जात आहेत, म्हणून ज्यांनी दिल्या नाहीत त्यांच्यासाठी. ‘रस्ता चांगला करा’ असं लिहू नका, त्याला नुसतं ‘नोंद घेतली’ मिळतं. जागा लिहा, कुठल्या चौकापासून कुठल्या बोळापर्यंत. त्रास कुठल्या वेळी होतो ते लिहा. मोबाईलवर फोटो काढून जोडा. काय हवं ते एका ओळीत. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, ती जपून ठेवा. गल्लीनं मिळून दिलेला कागद एकट्याच्या कागदापेक्षा जास्त वाचला जातो, आणि त्यावर पथारीवाल्यांच्या, हमालांच्या सह्या घ्या, फक्त दुकानदारांच्या नको.

आमच्या गल्लीच्या कागदात स्वच्छतागृहाची जागा, सकाळी दहाच्या आत माल उतरवायची मुभा, संध्याकाळी वाहनबंदीची चाचणी, विक्रेत्यांना आखलेल्या जागा, नंदीध्वजाच्या मार्गावर कायमचं काही उभारू नये आणि बसथांबा आत घ्यावा, एवढं आहे. मावशींचा अंगठा पहिल्या पानावर आहे. मसुदा कुणाला हवा असेल तर नवी पेठेत आमच्या दुकानात या, दुपारी दोन ते चार गर्दी नसते, झेरॉक्स समोरच आहे.